एका घनफुटाचा संसार

बांध वीतभर सरकला म्हणून दोन पिढ्यांनी तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्यात, ही ज्या मुलखाची जुनी रीत, त्या मुलखातील मनुष्य मोटारीच्या डिकीकडे केवळ सामान ठेवण्याची जागा म्हणून पाहील, ही अपेक्षाच मुळी अवाजवी आहे. एमएच २५ क्रमांकाची, दोन मालकांच्या हाताखालून गेलेली, आरसी बुकात अजून उस्मानाबाद आणि काचेवर ठळक अक्षरांत धाराशिव असे लिहिलेली लहानशी आल्टो बाळगून जे गृहस्थ या शहरात राहतात, त्यांच्या दृष्टीने डिकी ही एक मिळकत असते. स्टेपनी, जॅक, पाना आणि सासुरवाडीहून येणारा ज्वारीचा कट्टा ही तिच्यावरील पिढीजाद कुळे असतात. आणि त्या कुळांना बेदखल करून तेथे बारा इंची वूफरचा कायमचा कब्जा कसा बसवावा, हा त्यांच्या आयुष्यातील एकमेव दिवाणी दावा असतो.

हे गृहस्थ दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पाढे शिकवतात, पतसंस्थेत हप्ते मोजतात, किंवा खतांच्या दुकानात उधारीची वही सांभाळतात. स्वभावाने ते विलक्षण सौम्य असतात. घरात त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नसतो, आणि लग्नकार्यात पंगतीत वाढप्याने त्यांचे पान चुकवले तरी ते हाक मारत नाहीत. या गोष्टीचा त्यांच्या डिकीतील आवाजाशी काही कार्यकारणसंबंध असावा, असे मनात येते. परंतु मानसशास्त्र हा माझा प्रांत नसल्यामुळे तो मोह मी आवरतो.

प्रारंभ मोजणीपासून होतो. पूर्वी भूकरमापक शंकू आणि साखळी घेऊन ज्या गांभीर्याने शिवारात उतरत असे, त्याच गांभीर्याने हे गृहस्थ रविवारी सकाळी टेप घेऊन डिकीत अर्धे शिरतात आणि बाहेर उरलेल्या अर्ध्या देहाने चिरंजिवांना आकडे टिपून घेण्यास फर्मावतात. आल्टो ८०० च्या डिकीत कागदोपत्री १७७ लिटर, म्हणजे सव्वासहा घनफूट जागा असते. त्यातून मागच्या आसनाचा कललेला पाठटेका वजा जातो, चाकांवरचे उंचवटे वजा जातात, मातोश्रींच्या देवदर्शनाच्या पिशव्यांची वहिवाट वजा जाते, आणि शिल्लक राहते ते कसेबसे एक घनफूट. बंद पेटीतला बारा इंची वूफर तेवढ्यात अंग चोरून राहतो; पण पोर्टची, म्हणजे नळी बसवलेली पेटी करावयाची, तर त्याला साधारण दुप्पट घर हवे. मिस्त्री प्लायवर पेन्सिल टेकवून स्पष्टच सांगतो, "मालक, हवेला खोली पायजे. ल्हान डब्यात वूफर गुदमरतो, बेस बसत न्हाई."

मिस्त्रीच्या या एका वाक्यात मोठे शास्त्र दडलेले आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाच्या गृहस्थाने, बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून, तोवर कपाटाएवढ्या पेटीतून निघणारा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून काढून दाखवला. निसर्गाने मात्र त्याची किंमत पुरेपूर वसूल केली. लहान पेटी, खोल स्वर आणि थोड्या विजेत भरपूर आवाज, या तिघांपैकी दोघांनाच एका वेळी पदरात घेता येते. स्वराची खोली तीच ठेवून पेटी निम्मी केली, तर विजेतून निघणारा आवाजाचा वसूलही निम्म्यावर येतो. आणि पेटी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे म्हटले, तर तो एक अष्टमांश उरतो. आमचे गृहस्थ हा हिशेब नाकारीत नाहीत. त्यांचे म्हणणे इतकेच, की तो नियम साहेबांच्या देशातला आहे, आपल्याकडे काहीतरी तडजोड निघतेच.

तडजोड निघते ती विजेच्या खात्यावर. पाचशे वॅटचा अँप्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर चाळीस अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, आणि लहान गाडीच्या बॅटरीची एकंदर ऐपत पस्तीस अँपिअर-तासांची. परिणामी, रात्री येडशीच्या रस्त्याने ही गाडी निघाली की प्रत्येक ठोक्यागणिक तिचे दिवे मंदावतात आणि पुन्हा उजळतात. समोरून येणारा ट्रकवाला हा काही संकेत असावा असे समजून आपलेही दिवे उघडझाप करतो, आणि अशा रीतीने एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन माणसांत निष्कारण सलोखा निर्माण होतो.

वजनाची कहाणी निराळी. अठरा मिलिमीटरच्या एमडीएफची पेटी, तिच्यातले लोहचुंबक, अँप्लिफायर आणि वायरींचे जुडगे मिळून पंधरा-वीस किलोंचा ऐवज होतो. सातशे किलोंच्या आसपासच्या गाडीला तो जड नाही, असे गृहस्थ कागदावर सिद्ध करून दाखवतात. आणि ते खरेही आहे. परंतु मंगळवारी तुळजापूरला निघताना त्या कागदावर मातोश्री, आत्याबाई, दोन मुले आणि नारळांची पिशवी यांची नोंद घ्यावयाची राहिलेली असते. गाडी मागून दबते, पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज येतो, आणि सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत म्हणतात, "अहो, त्या पेटीला सांगा, दोन दिवस माहेरी जाऊन ये म्हणावं." खर्ज कमी होण्याच्या भीतीने गृहस्थ पेटीऐवजी स्टेपनीलाच घरी दाराआड बसवतात. नंतर सोलापूरला जाताना तामलवाडीच्या आसपास पंक्चर झाले, म्हणजे भर उन्हात सर्व कुटुंब लिंबाखाली उभे असते, गृहस्थ दुचाकीवाल्याच्या मागे बसून चाकासह पंक्चरवाल्याच्या शोधात गेलेले असतात, आणि कूळ बेदखल केल्याचा खटला त्यांच्या गैरहजेरीत चालून एकतर्फी निकालही लागलेला असतो.

एका बाबतीत मात्र निसर्ग त्यांच्या बाजूने साक्ष देतो. चाळीस हर्ट्झच्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब, आणि गाडी उणीपुरी साडेतीन मीटर. ती लाट गाडीत मावतच नाही. म्हणून पत्र्याच्या त्या लहानशा खोलीतली सगळी हवा एकदमच दाबली जाते आणि सैल होते, आणि खर्ज जितका खोल तितका तो आत अधिक भरतो. दिवाणखान्यात ज्यासाठी मोठा खर्च करावा, ते इथे जागेच्या टंचाईनेच फुकट मिळते. दुर्दैव एवढेच, की पत्रा आणि काच उंच स्वर अडवतात, खर्जाला अडवीत नाहीत. आत बसलेल्यास संपूर्ण भक्तिगीत ऐकू येते. गल्लीला फक्त त्यातली धडधड मिळते. निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांची मर्यादा या गृहस्थांना तोंडपाठ असते. त्यांच्या मते ती लाउडस्पीकर लावणाऱ्या लोकांसाठी आहे.

नवरात्रात घरी गोंधळ असला, की त्यांची खरी परीक्षा होते. गोंधळ्याच्या कमरेला बांधलेले संबळ, एक तोंड खर्जाचे, दुसरे उंच, सगळे मिळून मांडीवर मावेल एवढे. ना बॅटरी, ना फ्यूज, आणि चौथ्या गल्लीतली म्हातारी हात जोडते. गृहस्थ वाकून त्या भांड्याचा घेर बोटांनी मापतात आणि गोंधळ्याला विचारतात, "आत किती लिटर हवा बसत असेल हो?" तो बिचारा आईचा उदो म्हणून वेळ मारून नेतो.

त्यांच्याविषयी मला आदर वाटतो तो लोहारा-उमरग्याच्या भागात. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्या गावांनी पाहिली, तिथल्या फडताळातली भांडी आपल्या गाडीने वाजवू नयेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. सास्तूर यायच्या बरेच अलीकडे त्यांचा हात बटणाकडे जातो आणि गाव मागे पडेपर्यंत तिथेच राहतो.

सध्या त्यांनी नवी दरखास्त दाखल केली आहे. स्टेपनीच्या पोटातल्या पोकळीत बसणारा चपटा वूफर बाजारात मिळतो, ही वार्ता त्यांना कळली असून, त्यायोगे कूळही राहील आणि कब्जाही टिकेल, असा हा पहिलाच दावा आहे ज्यात दोन्ही पक्ष जिंकतात, हे त्यांनी रात्री जेवताना सर्वांस समजावून सांगितले. सौभाग्यवतींनी हरकत घेतली नाही. मातोश्रींनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढेच विचारले, "आरं, पंक्चर झालं म्हंजी आदी काय काढायचं, चाक का बाजा?" उत्तर देण्यास गृहस्थ पानावर नव्हते; ते टेप घेऊन जिना उतरले होते.