तोंडाला सुटलेलं, तोंडचं पळालेलं

तोंडातल्या पाण्याबद्दल मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. चांगलंचुंगलं दिसलं की तोंडाला पाणी सुटतं आणि घाबरगुंडी उडाली की तोंडचं पाणी पळतं. दोन्ही एकाच वेळी घडतील अशी जागा आपल्या पूर्वजांनी पाहिलेली नसावी. मला ती गेल्या दिवाळीनंतर सापडली. दाताच्या डॉक्टरांची खुर्ची. तिथे एक नळी तोंडात पाणी सोडते, दुसरी तेच पाणी पळवते आणि आपण मध्ये आ वासून छताकडे बघत पडलेलो असतो.

निमित्त कडबोळ्याचं. भाजणी चोख होती, तळण खमंग होतं, दोष असलाच तर माझ्या वयाचा. उजवीकडच्या खालच्या दाढेत 'कट्' असा आवाज आला. तो कडबोळ्याचाच समजून मी आणखी एक घेतलं. तिसऱ्या दिवशी माठातलं पाणी प्यायलो आणि कळ थेट कानापर्यंत गेली, तेव्हा कोण तुटलं होतं ते कळलं.

त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात नवा ओटा बसत होता. मिस्त्री कटरने ग्रॅनाइट कापायचा आणि त्याचा पोऱ्या शेजारी उकिडवा बसून पाणी मारायचा. पाणी मारायचं यंत्र म्हणजे झाकणाला खिळ्याने भोक पाडलेली पाण्याची बाटली. कटर सुरू झाला की पोऱ्या बाटली दाबायचा आणि पातं दगडात शिरतं नेमक्या त्या ठिकाणी बारीक धार सोडायचा. एकदा त्याच्या खिशातला फोन वाजला. धार हुकली. दुसऱ्या क्षणी धुरळा, ठिणग्या आणि करपल्याचा वास. मिस्त्री ओरडला, "अरे पाणी! पातं जाईल ना माझं!" पोऱ्याने घाईघाईने इतकं पाणी ओतलं की राखाडी रबडा झाला आणि कापायची रेघच दिसेना. मग पुन्हा ओरडा, "पूस ते! काय आंधळ्यासारखं कापू काय?" पोऱ्याने फडकं ओढलं, रेघ मोकळी झाली, काम पुढे सरकलं.

मी दाढ धरून हे बघत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडात हेच सगळं होणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

दात कोरून पोट भरत नाही, असं आपण म्हणतो. ज्यांचं भरतं त्या लोकांचा धंदा मात्र फार जुना आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या, त्यांना व्यवस्थित भोकं पाडलेली. काळ साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. तिथले कारागीर मण्यांना भोकं पाडण्यात तरबेज होते. सुतार कमानीला दोरी गुंडाळून सामता फिरवतो, तसंच ते गारगोटीचं टोक फिरवत असणार. संशोधकांनी तशी कमान करून पाहिली, तर एका मिनिटाच्या आत दाताला भोक पडलं. त्या दाढांच्या मालकांनी नंतरही त्यांच्यावर चावून खाल्लेलं आहे, हे त्यांच्या झिजेवरून दिसतं. त्या मिनिटात त्यांनी काय सोसलं, हे मात्र झिजेवरून दिसत नाही.

नंतरची हजारो वर्षं माणसाने हे टोक फिरवायचं कशाने, यातच घालवली. जॉर्ज वॉशिंग्टनचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी १७९० च्या सुमारास आईच्या सूत कातायच्या चरख्याचं पायडल लावून ते फिरवलं, असं सांगतात. आपल्याकडे चरख्याने पुढे बरंच मोठं काम केलं, तिकडे त्याने दाढेपासून सुरुवात केली. १८६४ मध्ये इंग्लंडात हॅरिंग्टन नावाच्या माणसाने घड्याळासारखी किल्ली द्यायचं यंत्र काढलं. एकदा किल्ली दिली की ते दोनेक मिनिटं चालायचं. १८७१ मध्ये मॉरिसन यांनी पायाने चालणारं इंजिन काढलं, आपल्या शिवणयंत्राचं चुलत भावंड शोभेल असं. चार वर्षांनी ग्रीन यांनी त्याला वीज जोडली. चरखा, घड्याळ, शिवणयंत्र; घरातली फिरणारी एकही वस्तू दंतवैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, आमच्या गावच्या डॉक्टरांकडे याच घराण्यातलं दोरीवर चालणारं मशीन होतं. लांब हात, त्याला कोपरं, कोपरांवर चाकं आणि चाकांवरून पळणारी दोरी. दोरीला एक गाठ होती. ती चाकावरून गेली की 'टक्' व्हायचं आणि तो 'टक्' डोक्याच्या कवटीत ऐकू यायचा. पाणी नव्हतं. पाच-सहा सेकंद कोरायचं, थांबायचं, रबरी फुग्याने फुस्सकन हवा मारायची आणि म्हणायचं, "थुंक." मी एनॅमलच्या भांड्यात थुंकायचो. केस जळाल्यासारखा वास यायचा. तो माझाच वास आहे हे मला फार उशिरा कळलं. दाताच्या कण्या करणं हा वाक्प्रचार मी शाळेत पुढच्या वर्षी शिकलो, पण प्रात्यक्षिक आधी झालं होतं.

खरा घोटाळा त्या उष्णतेचाच होता. दाताचं वरचं कवच शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. त्यावर काहीही घासलं की तापणार. आणि आत, दोन-तीन मिलिमीटरवर, नस जिवंत. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन या दोघांनी माकडांच्या दातांना बाहेरून उष्णता देऊन पाहिली. आतल्या नसेचं तापमान नुसतं साडेपाच अंशांनी वाढलं, तरी शंभरातल्या पंधरा दातांची नस मेली. साडेपाच अंश! आपल्याला सणकून ताप भरतो तेव्हा तीन-चार अंशच वाढलेले असतात आणि तेवढ्यात घर डोक्यावर घेतो. दाताला ओरडताही येत नाही.

तोवर वेग तर भलताच वाढून बसला होता. न्यूझीलंडमध्ये डनीडिनच्या दंतमहाविद्यालयाचे प्रमुख जॉन वॉल्श यांनी १९४९ मध्ये हवेच्या झोतावर फिरणाऱ्या चक्राचं पेटंट घेतलं. १९५३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट नेल्सन यांनी पाण्याच्या जोरावर फिरणारं चक्र केलं, मिनिटाला सुमारे ६०,००० फेऱ्यांचं. आणि १९५७ मध्ये जॉन बोर्डन यांचा एअरोटर आला. त्याने फेऱ्या लाखांत नेल्या. आपल्या डॉक्टरांच्या तोंडी आजही तेच नाव आहे. दोरी गेली, गाठ गेली, कवटीतला 'टक्' गेला. आली ती शिट्टी.

त्या शिट्टीचं गणित मी खुर्चीत पडल्या पडल्या केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मिनिटाला तीन लाख म्हणजे सेकंदाला पाच हजार फेऱ्या. पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी सेकंदाला ४,१८६ कंपनांची. म्हणजे हा गवई तिच्याही वर सुरुवात करतो. दाताला टेकला की वेग पडतो आणि सूर उतरतो. सूर उतरला की समजावं, आपली दाढ लागली. एरवी मैफलीत गवयाचा सूर उतरला की श्रोते अस्वस्थ होतात. इथे चढलेला असेपर्यंतच श्रोता सुखी.

"काका, पाणी येईल. घाबरू नका, सक्शन आहे," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी एअरोटर आधी बघायला मागितला. पेशंटने हत्यार तपासायला मागावं, याचं त्यांना हसू आलं, पण दाखवला.

हत्याराचं डोकं हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, सेंटिमीटरभर. अक्कलदाढेपाशी गाल, जीभ आणि जबडा यांच्या मध्ये उरतेच किती जागा! त्या एवढ्याशा डोक्यात पात्यांचं चक्र, दोन बेअरिंगं आणि टोक धरणारी पकड. टोकाला हिऱ्याची भुकटी. मिस्त्रीच्या पात्यालाही तीच. ज्या वर्गातला दगड, त्याच वर्गातली दाढ. मागे जाणारी रबरी नळी दिसायला एक, पण आत चार वाटा. एकीतून चक्र फिरवणारी हवा येते, दुसरीतून काम झालेली हवा परत जाते, तिसरीतून पाणी आणि चौथीतून त्या पाण्याचा फवारा करणारी हवा. हवा परत न्यायची सोय नसती, तर माझा गाल फुग्यासारखा फुगला असता. आणि डोक्याच्या खालच्या अंगाला, टोकाभोवती, सुईच्या अग्राएवढी भोकं. डॉक्टरांनी पायाखालचं पेडल हलकेच दाबलं. प्रत्येक भोकातून निघालेलं पाणी नेमकं हिऱ्याच्या टोकावर येऊन भेटलं. मला पोऱ्याची बाटली आठवली. त्याच्या हाताला सरावाने जे जमलं होतं, ते इथे भोकाच्या कोनात बसवून टाकलं होतं. आणि फोन वाजून धार हुकायची भीती नाही.

पाणी किती? मिनिटाला पन्नास मिलिलिटर तरी हवं. दहा मिनिटं कोरलं तर अर्धा लिटर. शिवाय माणसाची लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर येते, आणि माझ्यासारख्याची खुर्चीत बसल्यावर जास्तच. उताणं पडलेल्या माणसाच्या तोंडात हे सगळं साचलं तर दाढ वाचेल, माणूस ठसकून जाईल. डॉक्टरांचीही पंचाईत: त्या आरशात बघून काम करतात आणि आरशावर थेंब आले की मिस्त्रीची रेघ बुडते. म्हणजे पाणी हवंच, पण टोकाला टेकल्यावर ते एक क्षणही तिथे नको. दाताने अशी अट घालावी आणि माणसाने ती पाळावी, याला मी हुशारी म्हणतो. वेग वाढवायला काय, हवा जोरात सोडली की झालं.

म्हणून सक्शन. त्यातही दोन जाती. एक बारीक, आत तार असलेली, छत्रीच्या मुठीसारखी वाकवून ओठात अडकवायची. ही साठलेलं पाणी सावकाश पिते. दुसरी करंगळीपेक्षा जाड, मदतनीस मुलीच्या हातात. ती मिनिटाला अडीचशे-तीनशे लिटर हवा ओढते आणि थेंबांबरोबर धुकंही गिळते. २०२० साली करोनाने सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा दंतवैद्यांची झोप याच धुक्याने उडवली होती आणि भरवसा याच नळीचा होता. तिचं तोंड तिरकं कापलेलं असतं, म्हणजे गाल चिकटला तरी पूर्ण बंद होऊ नये. तरी चिकटतोच. जिभेला हाड नाही, आणि माझ्या जिभेला अक्कलही नाही. नको म्हटलं की ती नेमकी चौकशीला जाते. दोनदा ती नळीत ओढली गेली आणि 'फुर्र' असा आवाज झाला. मदतनीस मुलीने मान वळवून हसू लपवलं. मला ते छतावरच्या दिव्याच्या चकाकत्या कडेत दिसलं.

मग मी शहाणपणा केला. ओठातली नळी चांगली धरून ठेवावी म्हणून तोंड मिटून शहाळ्याच्या स्ट्रॉसारखी चोखली. डॉक्टर लगेच थांबल्या. "काका, ओठ मिटू नका. आपण चोखलं की नळीतली ओढ उलटी होऊ शकते. आधी गेलेलं परत येतं."

आधी गेलेलं म्हणजे कोणाकोणाचं, हे मी विचारलं नाही. तोंडचं पाणी पळालं ते याच क्षणी.

त्यांनी पुढे सांगितलं की एअरोटरलाही हीच खोड आहे. पेडल सोडलं तरी चक्र क्षणभर फिरत राहतं आणि फिरता फिरता तोंडातलं पाणी आत ओढू शकतं. म्हणून परतीची वाट बंद करणाऱ्या झडपा बसवतात, प्रत्येक पेशंटनंतर वीस-तीस सेकंद पाणी सोडून नळी धुतात आणि हत्यार वाफेच्या कुकरात घालतात. म्हणजे कोरायला यंत्र, यंत्राला पाणी, पाण्याला सक्शन आणि सक्शनची ओढ उलटू नये म्हणून माझं तोंड उघडं. या साखळीतली माझी एकच कडी, आणि तीच ढिली निघाली.

दाढ वीस मिनिटांत भरून झाली. वास आला नाही. थुंकायला सांगितलं ते एकदाच, तेही शेवटी, आणि थुंकायला काही नव्हतं.

घरी आलो तर मिस्त्री हिशोब मांडून बसला होता. कापणी फुटावर, बसवणी वेगळी, आणि खाली पोऱ्याची हजेरी. एरवी मी घासाघीस केली असती. त्या दिवशी पोऱ्याच्या आकड्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे कमी लावलंत." मिस्त्रीला वाटलं, भुलीचा अंमल अजून उतरला नाही.

दवाखान्याच्या बिलात फक्त 'फिलिंग' लिहिलं होतं. पाणी मारणं आणि पुसणं त्यात कुठेच नव्हतं, आणि दाढ जिवंत राहिली ती तेवढ्यामुळे. तेव्हा तुम्ही त्या खुर्चीत पडाल तेव्हा शिट्टीला भिऊ नका. तोंड उघडं ठेवा, जीभ जागेवर ठेवा आणि नळी चोखू नका. आणि साठी उलटली असेल तर कडबोळं आधी चहात बुडवा.