दोडक्याच्या शिरांचा हिशोब

आमच्या घरी दोडक्याची भाजी असते, त्या दिवशी भाजीला कुणी विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष चटणीकडं. दोडका सोलला की शिरा बाजूला काढायच्या, बारीक चिरायच्या, तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. मग तीळ, सुकं खोबरं, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, तिखट, मीठ. खलबत्त्यात जाडसर कुटली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच, असं मी एकदा जेवताना बोलून गेले.

आमचे हे बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले आहेत. हात धुऊन ते उठले, कॅलेंडरचं मागचं पान काढलं आणि पेन घेऊन बसले. खोबरं एवढं, तीळ एवढे, तेल चार चमचे, लसूण, गॅस. "दोडके तीस रुपयांचे," ते म्हणाले, "आणि दोडक्याचा कचरा वाचवायला पंचेचाळीस."

तेव्हापासून आमच्याकडं काटकसरीचा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणतं, "दोडक्याच्या शिरा." पुढचं बोलावं लागत नाही.

खरं तर काटकसरीची ही सवय मला सासरी, अनगोळात लागली. अनगोळ आता बेळगावात इतकं मिसळलंय की चौथं रेल्वे गेट ओलांडताना आपण गावात चाललोय की गावाबाहेर, हे नव्या माणसाला कळत नाही. पण मी लग्न करून आले तेव्हा घरामागं शिवारच होतं. आमच्या आज्जी, म्हणजे सासूबाईंच्या सासूबाई, तेव्हा हयात होत्या. वाड्याच्या उंबऱ्यावर बसून त्या घरात येणाऱ्या आणि घरातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नजर ठेवून असत. येणाऱ्यापेक्षा जाणाऱ्यावर जास्त. मी केराची सुपली घेऊन निघाले की हाक ठरलेली, "काय टाकूलीस गे ते? बगू."

अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर, धामणे या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत बासमती पिकतो, आणि भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. आज्जींचा सगळा स्वयंपाक या पिकांवर उभा होता. गिरणीतून तांदूळ आला की अख्खा एका डब्यात, कण्या दुसऱ्यात. अख्खा पाहुण्यांना, कण्या आपल्याला. मला नवी नवरी म्हणून पहिले आठ दिवस अख्खा तांदूळ मिळाला. नवव्या दिवशी ताटात कण्यांचा भात आणि वर मसुरीची आमटी आली, तेव्हा आपण घरच्या झालो हे मला समजलं. गंमत म्हणजे वास दोन्हीला सारखाच येतो. कणी तुटलेली असते, वास तुटत नाही. आज हॉटेलात त्याच कण्यांचा उपमा कसल्याशा इंग्रजी नावानं दीडशेला मिळतो म्हणे. आज्जींना हे सांगायला हवं होतं. त्या दीडशेवर थांबल्या नसत्या, "आणि चटणी?" असं विचारलं असतं.

आज्जी कधीच हिशोब मांडत नसत, आणि त्यांची काटकसर कधी अंगावर आली नाही. त्या वाचवण्यासाठी काही विकत आणत नव्हत्या, एवढं साधं होतं ते. शिळी भाकरी ताकात कुस्करायला ताक घरचंच. दोडक्याच्या चटणीत खोबरं असलं तर असलं, नाहीतर कारळं. आम्ही मात्र उरलेलं वाचवायचं म्हणून बाजारात जातो, आणि तिथंच सगळं चुकतं.

आता मशीनचीच गोष्ट घ्या.

सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन माडीवर जुन्या चादरीखाली पडून होतं. लेकीच्या तीन जीन्स गुडघ्यावर फाटल्या होत्या. (एक तर दुकानातून फाटूनच आली होती, पण त्यावर मी बोलत नाही.) मी ठरवलं, यातून बाजाराची दणकट पिशवी शिवायची. फुकट. मशीन खाली आणलं, त्यासाठी दोन माणसं आणि दोन चहा. चामड्याचा पट्टा सुकून तुटलेला. तो आणला. सुया गंजलेल्या. जाड कापडाच्या सुयांचं पाकीट आणलं. तेलाची बाटली. मग मशीन चाललं, पण उलटं. चाक पुढं ढकललं की कापड माझ्याकडं यायचं. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खाली वाकून पाहिलं, बॉबिनमधून शेवटचं कधी काळी शिवलेल्या झंपराचा हिरवा दोरा ओढून काढला आणि अडीचशे रुपये मागितले. शेवटी चेन आणि कापडी पट्टे. पिशवी झाली. झाली म्हणजे, धरून उभी राहिली. एक बंद दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब होता, त्यामुळं त्या पिशवीतून आणलेले टोमॅटो सगळे एका कोपऱ्यात जमायचे. यांनी काही न बोलता पुन्हा कॅलेंडरचं पान काढलं. एकूण चारशे तीस. बाजारात तशी पिशवी एकशे वीसला.

माझ्या बाजूनं एकच मोठा माणूस होता, म्हणून मी त्यांना मध्ये आणलं. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी शिलाई मशीनला मात्र सूट दिली होती. १३ नोव्हेंबर १९२४ च्या 'यंग इंडिया'त त्यांचा एक संवाद आला आहे. त्यात सिंगर मशीनला त्यांनी जगातल्या मोजक्या उपयोगी शोधांत धरलंय. बायकोचं हातशिलाईचं कष्टाचं काम बघून सिंगरनं ते यंत्र बनवलं, म्हणून त्यामागं प्रेम आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि हे छापून आल्यावर सव्वा महिन्यानं गांधीजी कुठं होते? आमच्या शेजारी, टिळकवाडीत! डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, ज्याचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, आयुष्यात एकदाच. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा घाट घातला होता. तेव्हा पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे आणि रस्त्यालाही काँग्रेस रोडच म्हणतात.

"बघा," मी म्हटलं, "महात्म्याला मशीनचं कौतुक होतं."

"होतं," हे म्हणाले. "पण त्यांच्यासाठी साधी झोपडी बांधली होती ना, बांबूची आणि खादीची? ती साडेतीनशेला पडली, आणि एवढा खर्च कशाला म्हणून ते नाराज झाले, असं बेळगावात अजून सांगतात."

म्हणजे साधेपणाचं बिल वाचून कपाळाला हात लावणारे पहिले आमचे हे नव्हेत. मी गप्प बसले. टोमॅटो कोपऱ्यातून काढत बसले.

हातानं करण्याची कला मी खऱ्या अर्थानं पाहिली ती निपाणीच्या आत्याकडं. आत्याचं सारं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. तेंदूचं पान ओलवायचं, त्यावर पत्र्याचा आयताकृती तुकडा ठेवायचा आणि कात्रीनं कडेनं कातरायचं. एका पानातून जास्तीत जास्त तुकडे कसे निघतील, शीर कुठं टाळायची, हे तिचे डोळे आधीच ठरवत. ती बोलत असायची, रागवत असायची, टीव्ही बघत असायची, आणि कात्री चालूच. हीच आत्या सुट्टीत आमच्याकडं आली की ब्लाउजचं कापड तिच्यापुढं टाकायचं. शिंपी ऐंशी सेंटिमीटर मागतो, तिथं तिनं कापलेल्या ब्लाउजनंतर बाहुलीचा परकर निघेल एवढं कापड उरायचं. आणि तो परकर निघायचाच. माझ्या लेकीच्या बाहुलीकडं माझ्यापेक्षा जास्त परकर होते. आत्यानं कधी आपल्या हाताची तारीफ करून घेतली नाही. ती म्हणायची, पान वाया गेलं की मोजणीत मार बसतो, मग हात आपोआप शिकतो.

पोरांची कारागिरी दिवाळीत. बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात, आणि आमच्या गल्लीतली पोरं दरवर्षी राजहंसगडच करतात, कारण तो येळ्ळूरच्या डोंगरावर समोर दिसतो. नकाशा लागत नाही, मान वर केली की झालं. दगड, माती, पोतं आणि चिखल. फुकट. पुढं मावळे विकत आणायचे, त्यात घोडेस्वार महाग. मग सिंहासनावरचे महाराज. मग सलाईनच्या नळीचं कारंजं, ती नळी मात्र खरोखर फुकट मिळायची, कुणाचा तरी मामा दवाखान्यात असायचाच. एका वर्षी चिरंजीवांनी डोंगर हिरवा करायला मसूर मागितली. आज्जी उंबऱ्यावरून ओरडल्या, "खायची मसूर चिखलात घालतोस?" आणि आत जाऊन मोहरीची पुडी घेऊन आल्या, जुनी, जाळी धरलेली. ती आठ दिवसांत अशी उगवली की तटबंदी दिसेना. तोफा पालेभाजीत बुडाल्या. स्पर्धेचे परीक्षक आले, त्यांनी गड कुठला म्हणून विचारलं, आणि नंबर आला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी चाकू घेऊन गडावर गेल्या. बुरूज, माची, बालेकिल्ला सगळीकडची मोहरी त्यांनी कापून आणली, धुतली, लसणाची फोडणी देऊन भाजी केली. घोडेस्वार पडले, पण जेवण झालं. त्या एका वर्षी किल्ल्याचा हिशोब जमा बाजूला गेला, हे यांनीही मान्य केलं.

आज्जींची वाकळ अजून माझ्याकडं आहे. शेजारच्या कानडी काकू तिला कौदी म्हणतात आणि ती कशी शिवली यावर आमचं दोघींचं अजून एकमत नाही. माझ्या आठवणीत ती अशी: सोप्यात चटईवर खाली दोन जुनी सुती लुगडी, शहापूरच्या मागावरची, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. त्यावर मधे कोटाचे तुकडे, धोतराचे पदर, शाळेच्या गणवेशाची खाकी. वर पुन्हा लुगडं. मग कडेपासून टाके. एक फेरी चौकोनात पुरी झाली की तिच्या आत दुसरी, असं मधल्या बोटभर जागेपर्यंत. टाका भाताच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. मी मदतीला बसले तेव्हा माझे टाके वाटाण्याएवढे पडले. आज्जींनी काही म्हटलं नाही. रात्री उसवून परत घातले. सकाळी मला उसवलेल्या दोऱ्याची गुंडी दिली, "घे, पोतं शिवायला होईल."

शेवटची कड बंद करण्याआधी त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. सुपारीएवढा, वाळलेला. तो कोपऱ्यात सारला आणि वरून टाका घातला. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणाल्या. उपाशी वाकळ ऊब देत नाही. मी म्हटलं, उंदीर लागेल. त्या म्हणाल्या, "लागला तर त्यालाबी थंडी असतीय की."

उंदीर लागला. दुसऱ्याच पावसाळ्यात. नेमका तोच कोपरा. तिथं आता माझ्या हातचं ठिगळ आहे, टाके वाटाण्याएवढे, ते उसवायला आता कुणी नाही. घरात पाहुण्यांसाठी कंपनीच्या दोन रजया आहेत, हलक्या, गुळगुळीत, रात्रभर पलंगावरून घसरतात. थंडी पडली की मुलं मोठी होऊनसुद्धा वाकळीवरून भांडतात, आणि हे मध्यस्थी करायच्या निमित्तानं ती स्वतः पांघरून झोपतात.

गेल्या वर्षी मी नवी वाकळ घालायला घेतली. वरचा पदर झाला, मधलं भरण झालं, आणि खालचं लुगडं मिळेना. आता नऊवारी सुती कोण नेसतं? सगळ्या कपाटांतून सिंथेटिक साड्या निघतात. त्या टाका धरत नाहीत आणि अंगाला चिकटतात. खडेबाजारात नवं लुगडं विचारलं, तर दुकानदारानं सांगितलेला आकडा ऐकून मी यांच्याकडं बघितलंच नाही. कॅलेंडरला पान शिल्लक नव्हतं, हे माझं नशीब.

म्हणून एक विनंती. तुमच्याकडं आईचं, आजीचं, मावशीचं एखादं जुनं सुती लुगडं असेल, फाटलं असलं तरी चालेल, तर ते भांडीवालीला देऊन स्टीलचा डबा घेऊ नका. अनगोळात निरोप धाडा, मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात दोडक्याच्या शिरांची चटणी मिळेल, घरच्या खलबत्त्यात कुटलेली. दोडके आणि खोबरं मात्र तुमचं.