घड्याळाचं माहेर

‘आमचं यंत्र आमच्याच कारखान्यातलं’ ही स्विस घड्याळांची जाहिरात म्हणजे ‘अस्सल घरगुती’ लोणच्याची पाटी. बरणीची किंमतही तशीच चढते.

पण रोलेक्सचं डेटोना बघा. १९८८ ते २००० या काळात त्याच्या पोटात झेनिथ कंपनीचं ‘एल प्रिमेरो’ यंत्र टिकटिकत होतं. रोलेक्सने अर्थात ते जसंच्या तसं बसवलं नाही. बरेच भाग बदलले, ताशी ३६,००० ठोक्यांचा वेग २८,८०० वर आणला. सून बाहेरची, वळण सासरचं! आज तीच ‘झेनिथ डेटोना’ संग्राहक कौतुकाने मिरवतात.

२०१७ साली तर ब्राइटलिंग आणि ट्यूडरने चक्क साटंलोटं केलं. क्रोनोग्राफचं यंत्र ब्राइटलिंगने दिलं, साधं तीन काट्यांचं ट्यूडरने. दोन्ही घरं सुखात आहेत.

अचूकतेचं म्हणाल, तर स्वित्झर्लंडची ‘सीओएससी’ संस्था यंत्राला पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. दिवसाला सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंद, ही मुख्य अट. कुळ-गोत्र विचारत नाही. नीट जुळवलेलं ‘ईटीए २८२४’ हे बाजारचं यंत्रही त्यात उत्तीर्ण होतं.

शिवाय दशकानुदशकं हजारो मनगटांवर चाललेल्या अशा यंत्राच्या खोडी कारागिरांना पाठ असतात. घराण्याचं नवंकोरं यंत्र बिघडलं, की त्याला बहुधा माहेरीच धाडावं लागतं.

तेव्हा दुकानात शिरल्यावर वंशावळ नंतर ऐका. आधी सर्व्हिसिंगचा खर्च आणि लागणारे दिवस विचारा.