अप-डाउनसाठी स्पोर्टी हॅचबॅक : निवड, वापर आणि निगा

नांदेडात बिऱ्हाड आणि हिंगोलीत नोकरी अशी ज्यांची घडी बसली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्याबरोबर जिल्ह्याची कार्यालयेही आली. कार्यालयांबरोबर कर्मचारी आले. मात्र त्यांतल्या अनेकांची मुलांची शाळा, क्लास आणि बँकेचे हप्ते नांदेडातच राहिले. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे असा नियम आहे. 2022 मध्ये शिक्षकांच्या बाबतीत तो विधानसभेतही गाजला. त्यानंतर नियम आपल्या जागी राहिला आणि कर्मचारी आपल्या. या दोन जागांमधले अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे. अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी असे करत राष्ट्रीय महामार्ग 161 ते अंतर जोडतो. ते रोज दोनदा कापण्यासाठी कोणते वाहन योग्य, याचे शास्त्रशुद्ध उत्तर एकच निघते : स्पोर्टी हॅचबॅक. त्याचे कारण तिचा वेग आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते चूक आहे. खरे कारण असे, की ही गाडी आणि अप-डाउन ही व्यवस्था एकाच तत्त्वावर उभ्या आहेत : क्षमता मंजूर करून घ्यायची आणि ती गैरहजर ठेवायची.

पुरावा इंजिनापासूनच घेऊ. जून 2024 मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर असो किंवा 2021 मध्ये आलेली ह्युंदाई आय-20 एन लाइन, दोन्हींच्या टर्बो पेट्रोल इंजिनांची ताकद 120 अश्वशक्तीची. आता सपाट चौपदरी रस्त्यावर ताशी 100 च्या स्थिर वेगाने एवढीशी गाडी चालवायला लागते किती? हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांचा हिशेब केला तर पंधरा ते वीस अश्वशक्तीत भागते. म्हणजे मंजूर पदे 120, प्रत्यक्ष कामावर 20 आणि उरलेले 100 दौऱ्यावर. सरकारी आस्थापनेची ज्याला सवय आहे, त्याला या गाडीत पहिल्याच दिवशी घरच्यासारखे वाटेल. निवड करताना म्हणूनच 90 अश्वशक्तीच्या साध्या हॅचबॅकला भुलू नये. तिच्यात फक्त सत्तर अश्वशक्ती गैरहजर राहते, आणि एवढ्याने दर्जा सिद्ध होत नाही.

वापराच्या बाबतीत पहिला धडा वेळेचा. नव्वदपैकी गावे, फाटे आणि दोन्ही शहरांची टोके वजा केली, तर मोकळा रस्ता 75 किलोमीटर धरता येईल. तो ताशी 80 ने सव्वाछप्पन मिनिटांत संपतो आणि 100 ने पंचेचाळीस मिनिटांत. वाचली सव्वाअकरा मिनिटे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा 100 आहे, त्यामुळे कायदेशीर नफा इथेच संपतो. 120 ने गेल्यास आणखी साडेसात मिनिटे मिळतात. त्यासाठी मोटार वाहन कायद्याने 1,000 ते 2,000 रुपये दंड ठेवला आहे. शिवाय वेग 80 वरून 100 वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो, आणि तो फरक पेट्रोल पंपावर भरावा लागतो. एवढ्या खर्चाने वाचवलेली सव्वाअकरा मिनिटे जपून वापरावीत. त्यांचा सर्वमान्य विनियोग वारंगा फाट्यावर चहा हा आहे. चहा, भजी आणि बदल्यांची चर्चा मिळून वीस मिनिटे जातात; म्हणजे कार्यालयाच्या हिशेबात गाडी जितकी वेगवान, तितका साहेब पावणेनऊ मिनिटे उशिरा. हे गणित तोंडपाठ ठेवावे, पण सांगत फिरू नये.

दुसरा धडा रस्त्याचा. या गाडीची स्टिअरिंग नेमकी, सस्पेन्शन कडक आणि टायर रुंद व बुटके असतात. आय-20 एन लाइनच्या 195/55 मापाच्या टायरची बाजू जेमतेम 107 मिलिमीटर भरते. ही सगळी सिद्धता वळणांसाठी असते, आणि या महामार्गावर वळणे मोजकी, तीही सौम्य. खरी वळणे माणसे आणि जनावरे निर्माण करतात. गाळप हंगामात अर्धापूरकडे भाऊराव चव्हाण आणि वसमतेकडे पूर्णा कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. मागे दिवा असेलच असे नाही, रिफ्लेक्टर असला तर तो उसाखाली. संध्याकाळी शेतातून रोही थेट दुभाजकावर येतो आणि पलीकडे जायचे की मागे, याचा निर्णय गाडी जवळ आल्यावर घेतो. सुगीत एखाद्या रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत असते. यांपैकी कोणालाही 172 न्यूटन-मीटर टॉर्कची भीती वाटत नाही. महामार्ग सोडून आतल्या गावी जाणाऱ्यांनी गतिरोधकही ध्यानात घ्यावेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा; गावकऱ्यांच्या प्रमाणानुसार तो त्यांच्या रागाइतका उंच असतो. तिथे स्पोर्टी गाडी तिरकी घालून, बैलगाडीला वाट देत, पहिल्या गिअरमध्ये न्यावी.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जादा ताकद चैनीसाठी नसून ओव्हरटेकच्या सुरक्षिततेसाठी असते. हे खरे आहे. 60 वरून 100 वर पटकन पोहोचणारी गाडी समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहते. दुपदरी रस्त्यावर या काही सेकंदांची किंमत फार मोठी. पण चौपदरी रस्त्यावर समोरून वाहन येणे अपेक्षित नाही, आणि जे चुकीच्या बाजूने येते त्याच्यापुढे एक्सिलरेटरपेक्षा ब्रेक उपयोगी पडतो. म्हणजे रस्ता दुपदरी होता तेव्हा या ताकदीची गरज होती. रस्ता सुधारला आणि ताकद परवडू लागली ती एकाच सुमारास. दुसरा आक्षेप रेल्वेचा. पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला असून नांदेडहून पूर्णा, वसमतमार्गे हिंगोली गाठता येते. पण रेल्वेला वेळापत्रक असते आणि ते सगळ्यांना ठाऊक असते. गाडी कधी पोहोचली हे शिपायालाही सांगता येते. हॅचबॅक नांदेडहून किती वाजता निघाली, याचा साक्षीदार नसतो. तिसरा आक्षेप मोठ्या एसयूव्हीचा. तिला खड्डे कमी जाणवतात हे कबूल, परंतु ती कार्यालयाच्या आवारात लांबून दिसते, त्यामुळे ती नसली तरी लांबून कळते.

निगेचा हिशेब थोडक्यात. रोज 180 किलोमीटर, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 3,960 किलोमीटर. लिटरला 17 किलोमीटर मिळाले तर 233 लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला शंभरच रुपये धरले तरी महिन्याला तेवीस हजारांच्या वर. दर 10,000 किलोमीटरला सर्व्हिसिंग धरल्यास वर्षात चार-पाच वेळा. हमी एक लाख किलोमीटरची असेल, तर ती दोन वर्षांनंतर लगेच संपते. ऑगस्ट 2025 मध्ये 3,000 रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास 200 फेऱ्यांचा आहे. वाटेत पास चालणारा एकच नाका धरला तरी महिन्याच्या 44 फेऱ्यांनी तो साडेचार महिन्यांत संपतो. नाव वार्षिक, मुदत एका सत्राची.

यावर शेवटचा आक्षेप येतो : एवढ्या पैशात हिंगोलीत एक सोडून दोन घरे भाड्याने मिळतील. आकड्यांपुढे या आक्षेपाला उत्तर नाही, म्हणून तो विषयांतर ठरवावा. मुलांच्या शिक्षणाची अडचण खरी आहे. हिंगोलीत जे मिळत नाही ते नांदेडात मिळते हेही खरे. फक्त हिंगोलीत ते का मिळत नाही, याच्या कारणांत रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला शहर सोडून जाणाऱ्या पगारांचाही वाटा आहे, ही गोष्ट गाडीच्या माहितीपत्रकात नसते. माहितीपत्रकात शून्य ते शंभर किती सेकंदांत, ते असते. सेनगावहून सकाळच्या एसटीने फेरफारासाठी आलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे : गाडी आवारात थांबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत किती? हा आकडा कोणतेही इंजिन सुधारू शकत नाही. तो सुधारायचा झाल्यास घर आणि कचेरी एकाच गावात आणावी लागेल, आणि तेवढ्या प्रवासाला सायकल पुरते. तिच्यात मात्र एकही अश्वशक्ती गैरहजर ठेवता येत नाही. म्हणून अप-डाउनवाल्यांना तिची शिफारस करता येत नाही.