नुसती ठेवलीय पिशवी

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहिलटकरीण माहेरी आली, की आठवड्याच्या आत दारात आक्का उभी राहते. तिला बोलावणं गेलेलं नसतं. कुठं तिला आक्का म्हणतात, कुठं जिजी, कुठं मोठीआई. नातं शोधायला बसलं तर चुलतसासूच्या मावसबहिणीपर्यंत जावं लागतं आणि तिथंही ते धड लागत नाही. आल्याआल्या ती पोरीची तब्येत विचारत नाही. पोटाकडं तर बघतच नाही, नजर लागते. ती थेट घरातल्या लोखंडी पेटीकडं बघते आणि म्हणते, "जुनी लुगडी कुठायत गं?"

तिथून पुढं त्या घराचा कारभार तिचा.

आक्काचे नियम दोन. पहिला असा, की लेकरू पोटात असताना त्याची तयारी करू नये. पाळणा आणू नये, नवं झबलं शिवू नये, नाव तर काढूच नये; सटवाईच्या कानावर जातं. दुसरा असा, की सातवा सरायच्या आत पिशवी दाराशी टांगलेली पाहिजे. हे दोन्ही नियम एकाच घरात एकाच वेळी पाळायचे म्हणजे कसब लागतं. आक्काकडं ते आहे. तिच्या पिशवीत नवं काहीच नसतं. टोपडी भावजयीच्या पोराची, दुपटं शेजारणीकडून मागून आणलेलं, झबली तीन लेकरांच्या अंगावरून उतरलेली आणि तीनही लेकरं आता शाळेत धडधाकट, याची खात्री करून घेतलेली. पिशवीसुद्धा बीडच्या कापड दुकानाची, बस्त्याच्या वेळी मिळालेली. कुणी विचारलं, "आक्का, पिशवी भरली का?" तर आक्का दोन्ही हात झटकून सांगते, "भरली कुठं? नुसती ठेवलीय."

लुगडं फाडायचा तिचा कार्यक्रम मात्र बघण्यासारखा असतो. कात्री चालत नाही. कात्रीनं कापलेली कड लेकराला बोचते, असं तिचं म्हणणं. ती काठ उसवून बाजूला ठेवते, कडेला दातानं खूण करते आणि दोन्ही हातांनी एका दमात फर्रकन फाडते. कापड उभ्या धाग्यानं सरळ फाटत जातं. मग प्रत्येक फडकं स्वतःच्या गालावर नाही, मिटलेल्या डोळ्यावर फिरवून बघते. डोळ्याला खुपलं की ते लंगोटात जात नाही, पोतेऱ्यात जातं. या परीक्षेत पॉलिस्टरच्या साड्या दरवर्षी नापास होतात. घरात हल्ली सुती लुगडं मिळत नाही म्हणून ती खेड्याखेड्यांतल्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवून असते. एखादी आजारी पडली की बघायला जाते, आणि येताना तिच्या लुगड्यांचा अंदाज घेऊन येते.

पिशवीत काय काय जातं, ते सांगायला बसलं तर रात्र जाईल. पण एक गोष्ट ध्यानात येते. त्यातली एकही वस्तू हौसेनं आलेली नाही. प्रत्येक वस्तू कधीतरी, कुणाच्या तरी बाळंतपणात, ऐन वेळेला नव्हती. म्हणून ती आता आहे. बॅटरी का? तर लोडशेडिंगच्या दिवसांत कुणाच्या तरी कळा चालू असताना लाईट गेली आणि मोटारसायकल दारात उभी करून तिच्या दिव्यावर लेकरू जन्माला आलं. मेणकापड का? तर कुणाची तरी पाणमोट एसटीत फुटली. पाच लिटरचा पाण्याचा डबा, तेलाचा, धुऊन वास घालवलेला, का? यावर आक्का नुसती बघते. दुष्काळी जिल्ह्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला ती परगावचा समजते.

आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. दवाखान्यात नाळेला प्लॅस्टिकचा चिमटा लावतात, दोऱ्याचं काही काम नाही, हे आशाताईनं तिला कितीदा सांगितलंय. आक्का हो म्हणते आणि रीळ तळाला सारते. दसरा झाला की जिल्ह्यातली लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळं आठवा लागला तरी बाईला मागं राहायची सोय नसते. आक्काचं दुसरं लेकरू असंच उसाच्या फडाच्या बांधावर झालं. नाळ बांधायला काही नव्हतं म्हणून सोबतिणीनं चोळीचा बंद तोडला. हे ती एकदाच सांगते, तेही सुईत दोरा ओवता ओवता, आणि लगेच म्हणते, "पिना किती घेतल्यास? बारा घे."

आशाताईचं आणि तिचं नातं मजेशीर आहे. दोघी एकमेकींवाचून अडतात आणि एकमेकींच्या पाठीमागं तक्रार करतात. पिशवीतून मधाची बाटली काढायला आशाताईला दोन वर्षं लागली. गुटीची सहाण, हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड हे अजून निघालेलं नाही, फक्त दुपट्याच्या आत गेलंय. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे आक्काला पाठ आहे. पाठ असणं आणि पटणं या तिच्याकडं दोन वेगळ्या खोल्या आहेत. पहिल्या दुधावरून तर मोठा वाद झाला. जुन्या बाया ते पिवळं, घट्ट दूध पिळून टाकायच्या. आशाताई म्हणाली, "आक्का, वासराला पहिला चीक पाजतोच ना आपण?"

"पाजतो कुठं? खरवस करतो."

आशाताई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणूनच तुमचं वासरू असं रोडकं."

आक्काच्या गोठ्यावर कुणी बोलायची ही पहिलीच वेळ होती. तेव्हापासून मात्र बाळंतिणीला तासाभरात अंगावर पाजायला लावायचं काम नर्सच्या आधी आक्काच करते.

पुढं पिशवीत कागद शिरले. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार, पासबुक, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आक्काला लिहिता-वाचता येत नाही, पण जननी सुरक्षा योजनेत खेड्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये मिळतात आणि पहिल्या लेकरासाठी मातृवंदनेचे ५,००० वेगळे, हे ती तोंडपाठ सांगते. पोरीला उलट्या होतात का, हे विचारायच्या आधी ती विचारते, "आधारवर नाव कुणाचं हाय, बापाचं का नवऱ्याचं?" आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आणि कार्डावर तिसरंच काहीतरी, असं असलं की पैसे लटकतात. हे तिला एका बाळंतपणात कळलं. त्या लेकराला आता मिसरूड फुटलंय, पैसे अजून यायचेत.

कागदांच्या त्याच पिशवीत एक कोरा कागद आणि पेन वेगळं असतं. ते सटवाईसाठी. पाचवीला ती येऊन लेकराचं नशीब लिहून जाते. पूर्वी हे घरी व्हायचं. आता शिजर झालं की सात दिवस दवाखान्यात काढावे लागतात, म्हणजे सटवाईला वॉर्डातच यावं लागणार. आक्का पेन आधी तळहातावर चालवून बघते. आटलेल्या पेनानं लेकराचं नशीब लिहिलं तर जन्मभर अर्धवट राहायचं. प्रत्यक्षात त्या पेनानं वॉर्डातल्या सगळ्या नातेवाइकांचे फॉर्म भरून होतात आणि सटवाईच्या वाट्याला राहिलेली शाई येते.

आक्काचा खरा सामना होतो जावयाशी. तो चाकणच्या कंपनीत असतो. पोरीला आणायला-सोडायला येताना चाकाची बॅग आणि मोबाईलमध्ये यादी घेऊन येतो. आक्का खाटेवर बसून एकेक वस्तू वाचायला लावते.

"वेट वाइप्स."

"म्हंजी?"

"ओली फडकी असतात. पुसायला."

"ओली फडकी इकत घेतलाव, जावईबापू?"

"लिप बाम."

"डोकं दुखतंय का तिचं?"

डायपरवर ती विशेष बोलत नाही, कारण रात्रीचे दोन डायपर तिलाही चालतात. फक्त त्याला ती डायपर न म्हणता 'ते' म्हणते. मात्र चाकाच्या बॅगेवर तिचा निकाल कडक असतो. "ह्याला चेन. चेन अडकली मंग?" बॅग माळ्यावर जाते. जाण्याआधी तिच्यातला टॉवेल पिशवीत येतो. टॉवेल चांगला असतो.

सरकारनंही एकदा आक्काच्या कामात हात घातला होता. २०१९ च्या जानेवारीत राज्य सरकारनं बेबी केअर किट आणलं. सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण होणाऱ्या बाईला दोन हजारांपर्यंतचं सामान फुकट. महिला-बालविकास खातं तेव्हा परळीच्या पंकजा मुंडे यांच्याकडं होतं, त्यामुळं जिल्ह्यात बोलबाला जास्तच. मच्छरदाणी, ब्लँकेट, मोजे, थर्मामीटर, नेलकटर. आक्कानं किट खाटेवर उपडं केलं आणि तांदूळ निवडावेत तसं निवडलं. मच्छरदाणी पास, ब्लँकेट पास. थर्मामीटर आशाताईकडं. नेलकटर आजोबांना दिलं, कारण सव्वा महिना लेकराच्या नखाला लोखंड लावायचं नसतं.

मी तिला सांगितलं, की फिनलंड नावाचा देश १९३८ पासून हेच करतोय. आधी गरीब बायकांना, मग १९४९ पासून सगळ्यांना, खोकं भरून कपडे. खोक्याच्या तळाला गादी, लेकरू त्या खोक्यातच झोपवायचं.

"तिकडं थंडी किती?"

"बर्फ पडतो."

"आन् लेकरू खोक्यात," आक्का म्हणाली. "बाज न्हाई का त्यांच्यात?" जरा वेळानं मात्र तिनं विचारलं, "कपडे नवे देतेत का जुने?" नवे देतात म्हटल्यावर तिनं त्या देशाचा विषय सोडून दिला.

मग ती रात्र येते. १०८ ला फोन जातो, किंवा शेजारची जीप निघते. बीडचं सिव्हिल, नाहीतर अंबाजोगाईचं मेडिकल. घरचे सगळे चप्पल शोधत असतात तेव्हा आक्का गाडीत बसलेली असते, पिशवी मांडीवर. दवाखान्याच्या दारात वॉचमन पाटीकडं बोट दाखवतो: एका पेशंटसोबत एकच नातेवाईक. आक्का पाटीकडं बघत नाही, तिला वाचता येत नाही हा तिथं मोठा फायदा. "मी न्हाई जात बाबा," ती म्हणते, "पिशवी जाऊ दे." आणि पिशवीबरोबर आत जाते, कारण पिशवी एकटी कशी जाईल. उशाला लोखंड ठेवायचं असतं, पण विळा आत नेऊ देत नाहीत. म्हणून चंचीतला अडकित्ता उशाला जातो. अडकित्त्याला कुणी हरकत घेतलेली नाही. वॉचमन स्वतःच दोन सुपाऱ्या फोडून घेतो.

आतून नर्स ओरडते, "कापड द्या!" आक्काचा हात न बघता पिशवीत जातो आणि नेमकं फडकं घेऊन बाहेर येतो.

बाहेर गर्दी विचारते, काय झालं? या प्रश्नाचं उत्तर आक्का एकच देते, "लेकरू झालं." पेढे का बर्फी, हे ज्याला कळायचं त्याला संध्याकाळी कळेल. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली मोजल्या गेल्या, साऱ्या राज्यात सगळ्यांत कमी, तो हाच जिल्हा. आक्काला आकडा ठाऊक नाही. "झबल्याला कुठं काय लिहिलेलं असतं," एवढंच ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आक्काचं दुकान लागतं. पलीकडच्या खाटेला पिना, खिडकीजवळच्या बाईला बाळंतशेप, कोपऱ्यातल्या पोरीला, जिची माणसं अजून कारखान्यावरून यायचीत तिला, दोन लंगोट आणि एक टोपडं. परत येणार नाही हे माहीत असूनही ती प्रत्येकीला "आणून दे हं" म्हणते.

गेल्या खेपेला मात्र पिशवी कमी पडली. वॉर्डात चार्जिंगचा पिन एकच, मोबाईल पंधरा, आणि लेकराचा फोटो बघायला चाकण खोळंबलेलं. आक्का त्या पिनाकडं बराच वेळ बघत बसली. आता पिशवीत मेणकापडाखाली एक्स्टेन्शन बोर्ड आहे, जुनाच, कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीतला. वॉर्डात तो लावला की नंबरही तीच लावते: आधी बाळंतिणीचा, मग ज्याची गाडी बोलवायचीय त्याचा. जावयाचा शेवटी.