मंडईचा यजमान

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या पूर्वेला असलेल्या करडीच्या परिसरात भाऊबीज आटोपली की घरोघरी एक विशिष्ट मनुष्यप्रकार प्रकट होतो. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याला ‘मंडईचा यजमान’ म्हणता येईल. मंडई म्हणजे येथे भाजीबाजार नव्हे. धानाचे हलके वाण कापणीला आलेले असताना गावोगावी जी जत्रा भरते, दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातले, नाटक होते, तिला मंडई म्हणतात. शेजारच्या गावांच्या मंडया वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे आजचा यजमान उद्याचा पाहुणा ठरतो. तारखांची ही वाटणी वरकरणी सोयीची दिसत असली, तरी जेवणाचे उट्टे काढण्याची ती अत्यंत कार्यक्षम यंत्रणा आहे.

या यजमानाचे निमंत्रण पानटपरीवर, धानगिरणीत किंवा चालत्या ट्रॅक्टरवरून दिले जाते, आणि ते ‘मंडईले येजा बरं’ एवढ्या तीन शब्दांत आटोपते. निमंत्रण मित्राला असते, परंतु मित्र मित्र म्हणून उंबरठा ओलांडू शकत नाही. आत येताच तो कोणाचा तरी भाऊजी, काका किंवा मामा होतो. ज्या जिल्ह्यात ‘माजी मालगुजारी तलाव’ या सरकारी नावाचे संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’ असे झाले आणि जलाशयालाही नात्यातून सुटता आले नाही, तेथे मित्राचा निभाव लागण्याचे कारण नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाल्याने यजमानाचे कित्येक मित्र एका रात्रीत परजिल्ह्यातले झाले. मात्र त्यांच्या पत्रावळीवर त्या विभाजनाचा काहीही परिणाम झाला नाही.

किती जण जेवायला आहेत, असे घरधनिणीने विचारल्यास यजमान ‘आपलेच हायेत, चार-दोन’ असे उत्तर देतो. हा आकडा गणिताच्या नेहमीच्या नियमांत बसत नाही, कारण त्याचा अर्थ सहापासून तीसपर्यंत काहीही होऊ शकतो, आणि तो अर्थ दाराबाहेरच्या चपला मोजल्याशिवाय लागत नाही. घरधनीण मात्र अनुभवाने शहाणी झालेली असल्यामुळे उत्तराकडे लक्ष न देता सर्वांत मोठा गंज, म्हणजे भाताचे खोल पातेले, आधीच चुलीवर चढवून मोकळी होते.

यजमान आल्यागेल्याला ‘मी जेवण ठेवले आहे’ असे सांगत असला, तरी जेवणाचा भार प्रत्यक्षात कोण वाहते, हे अंगणातल्या चुलीजवळ दिसते. तेथे लांब रोट्या चाललेल्या असतात. गव्हाची कणीक इतकी सैल भिजवलेली असते की पोळपाट-लाटण्याचा उपयोग नसतो. बाई तिचा गोळा दोन्ही तळव्यांवर खेळवते, तो लोंबत लोंबत कोपरापर्यंत उतरतो, रुमालासारखा पातळ होतो, आणि विस्तवावर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर एका झटक्यात पडतो. या वेळी यजमान मागे उभा राहून ‘अजून थोडी पातळ’ अशी सूचना करतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

पंगत बसल्यावर मात्र त्याचे खरे कर्तृत्व सुरू होते. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे, पाटोडीचा झणझणीत रस्सा आणि तलावातले झिंगे वाढून झाले की तो आग्रहाला लागतो. ‘पुरे’ या शब्दाचा अर्थ पाहुण्याच्या दृष्टीने समाप्ती, तर यजमानाच्या दृष्टीने विनय असा होतो. पाहुण्याने पत्रावळीवर हात आडवा धरला, तर यजमान बोटांच्या फटीतून रस्सा सोडतो. पाहुण्याने पत्रावळ मागे ओढली, तर ती जवळ आणून देणारा पोरगा त्याने आधीच मागे उभा केलेला असतो.

भाताच्या वेळी त्याला विशेष स्फुरण चढते. भंडारा जिल्ह्याच्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाले. ते आपल्याच बांधीतल्या धानाला मिळाले, अशा थाटात यजमान गंजावरचे झाकण उघडतो. पंगतीत बालाघाटकडचा सोयरा असला, तर बालाघाटच्या चिन्नोरला हा मान २०२१ मध्येच मिळाल्याचे तो सांगतो. या वादाचा निकाल पुराव्यावर लागत नाही. सोयऱ्याच्या पत्रावळीवर एक डाव भात जास्त पडतो आणि तोंड भरल्यामुळे दुसरी बाजू आपोआप मागे घेतली जाते.

रात्री नाटकाची घंटा झाल्यावर पाहुणे जड पावलांनी मंडपाकडे जातात, आणि वडशाहून ठरवून आणलेल्या नाटक कंपनीच्या नायिकेने पहिल्या अंकात फोडलेला हंबरडा त्यांच्यापैकी निम्म्यांना झोपेत ऐकू येतो. घर रिकामे झाल्यावर यजमान चुलीजवळ टेकतो. दिवसभर प्रत्येकाच्या पोटाची चौकशी करण्यात त्याचे स्वतःचे पोट राहून गेलेले असते. घरधनिणीचेही राहिलेले असते, परंतु ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. ती मोडक्या रोट्या, गंजाच्या तळाची खरड आणि निवलेला रस्सा पुढे ठेवते. चार घासांनंतर थकलेला यजमान हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणतो. ‘घ्या ना जी,’ असे म्हणत ती त्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा सोडते, आणि ही विद्या मुळात कोणत्या घराण्याची, याचा उलगडा होतो.