वाढत्या अंगाचे

हल्ली कोणतीही वस्तू विकावयाची झाली, की ती 'खास आपल्यासाठी' सिद्ध केली आहे असे आधी सांगून टाकण्याची वहिवाट पडली आहे. विमा खास आपल्यासाठी, गादी खास आपल्यासाठी. लग्नातला आचारीदेखील 'कस्टमाइज्ड मेनू' देतो, आणि तो उघडून पाहावा तर शेजारच्या कार्यालयात वाढले जाणारे तेच पनीर आणि तोच मठ्ठा त्यात आढळतो. एका बँकेने माझ्या गरजांचा सूक्ष्म अभ्यास करून केवळ माझ्याकरिता एक कर्जयोजना आखल्याचे मला नुकतेच कळविले. पत्राचा मायना मात्र 'प्रिय ग्राहक' असा होता.

वास्तविक, समोर एक विशिष्ट माणूस उभा करून त्याच्याजोगी वस्तू घडविणे या व्यवहारासाठी मराठीत 'बेतणे' हे फार कामसू क्रियापद पूर्वीपासून नांदत आहे. शिंपी कापड बेततो. घरात मसालेभाताचा बेत ठरतो, पाहुणे वाढले की तोच बेत आमटीभातावर येतो. ज्याची मिळकत तोकडी त्याची परिस्थिती बेताची, ज्याची बुद्धी तोकडी त्याची बुद्धीही बेताचीच, आणि शिंप्याने कात्री न लावता जे आपोआप बेतले जाते ते जिवावर. या साऱ्या घराण्याच्या मुळाशी एकच हिशेब दिसतो: अंग केवढे आहे आणि कापड किती आहे. जाहिरातदार यातल्या अंगाविषयी फार गोड बोलतो. कापडाचा विषय निघाला की तो नियम व अटींच्या बारीक टायपात गडप होतो.

इंग्रजांकडे या कामी 'बिस्पोक' म्हणून एक रुबाबदार शब्द आहे. गिऱ्हाईकाने पसंत केलेल्या कापडाविषयी आधीच बोलून ठेवलेले असते, म्हणजे मुलीप्रमाणे त्या कापडाचीही बोलणी होऊन गेलेली असतात, म्हणून ते बिस्पोक. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीतील शिंप्यांनी आपल्या कुळाचाराच्या रक्षणार्थ 2004 साली संघ स्थापन केला आणि एका सुटामागे निदान 50 तास हाताचे काम पडले पाहिजे असा दंडक घातला. पुढे यंत्राने कापलेल्या सुटांनाही एका दुकानाने हेच नाव लावल्यावरून तक्रार गेली, तेव्हा जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तेथील संस्थेने 2008 साली निवाडा दिला, की मागणीबरहुकूम शिवलेल्या अशा सुटाला तो शब्द लावल्याने कोणाची फसवणूक होत नाही. शिंप्यांच्या कात्रीतून सुटलेला शब्द असा मोकाट झाला, तो आता सहलीपासून साबणापर्यंत कोठेही आढळतो.

आमच्या लहानपणी कपडे मापाचेच शिवले जात, पण ते माप आमचे नसे. दिवाळीच्या आधी वडील एक अखंड तागा घरी आणीत, आणि त्याच ताग्यातून थोरल्याचा सदरा, मधल्याची चड्डी, बहिणीचा झगा आणि उरल्या तुकड्यांतून उशांचे अभ्रे निघत, त्यामुळे चार दिवस आमच्यात आणि आमच्या अंथरुणात फरक करणे पाहुण्यांना जड जाई. शिंप्यापुढे आम्हांला ताठ उभे करून तो गज फिरवू लागला, की आई मागून एकच आज्ञा फर्मावी, "वाढत्या अंगाचं शिवा हं!" त्या एका वाक्याने आम्ही त्या दुकानातून बादच होत असू. शिंपी शिवी तो सदरा तीन वर्षांनंतरच्या एका धिप्पाड, अद्याप अस्तित्वात न आलेल्या मुलासाठी, आणि तो मुलगा येईपर्यंत त्याचे कपडे सांभाळण्याची कामगिरी आमच्याकडे असे. बाह्या बोटांवर येत, खांदा कोपराकडे उतरे. झग्याला खाली चांगली चार बोटे दुमड असे. दरवर्षी ती उसवून झगा लांबविला जाई आणि विटलेल्या निळ्या कापडाखाली मूळच्या गर्द निळ्याचा एक पट्टा उघडा पडे, त्यावरून बहीण यंदा किती वाढली हे सबंध आळीला समजे. तीन वर्षे सरून सदरा एकदाचा अंगासरशी बसू लागला, की तो धाकट्याला देण्याचा हुकूम सुटे, आणि तोही त्याला मोठाच होई.

त्या मानाने आमच्या आजीचे नऊवारी लुगडे शहाणे होते. त्याला माप नाही, टाका नाही, शिंप्याची मुदत नाही. नवी नवरी, भरल्या दिवसांची लेकुरवाळी आणि वाळलेली म्हातारी, तिघींना तेच नऊ वार पुरून उरत. व्यक्तीव्यक्तीला अचूक बसणारे वस्त्र कात्री न लावताच तयार होते, ही गोष्ट शिंप्यांनी फारशी बोभाटा होऊ दिलेली नाही.

तरीही मी शिंप्याकडेच जातो. आमच्या मास्तरांचे दुकान म्हणजे एक छोटी कचेरीच आहे. तेथे तारखा पडतात, प्रकरणे तहकूब होतात, आणि गणपतीचा झब्बा दसऱ्याला निकालात निघतो. पण त्यांच्याकडे एक लांबट, कडा झिजलेली मापांची वही असते, तिच्यात ज्याच्या त्याच्या पानावर छाती, कंबर, खांदा, बाही अशी ओळीने नोंद आणि कोपऱ्यात त्याच्या कापडाची बोटभर कापटी टाचणीने टोचलेली असते. माझ्याविषयी इतकी खरी माहिती सरकारदरबारीही नसावी. वास्तविक माणसाला हात लावल्यावाचून त्याच्याजोगे काही बेतता येत नाही. बँकेने माझ्या खांद्याला कधी टेप लावलेली मला आठवत नाही.

परवा विजारीचे कापड घेऊन गेलो. मास्तरांनी कंबरेभोवती टेप फिरविली, आकडा पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने जुन्या आकड्यावर काट मारली.

"किती भरली?" मी विचारले.

"काही नाही साहेब, मागच्यापेक्षा थोडं सैल धरतो. आत दोन इंच मार्जिनही ठेवतो, पुढं लागेल."

"अहो मास्तर, माझे आता वाढीचे वय राहिले आहे का?"

"उंचीचं कोण म्हणतंय साहेब?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पावती फाडली.